रतनजोत व क्रौंचमुखी ओषधि : एका नांवाचा शोध

१

जुनीं दप्तरें चाळणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे कीं, सनदा, खलिते व हिशेबाचे ताळेबंद यांच्या बरोबरीनें औषधांच्या पाठांचे सुटे कागद बाडांतून वारंवार निघतात. राजकीय कागदाची आम्ही नक्कल करितों, टिपा देतों, मित्या तपासतों. औषधाचा कागद मात्र 'किरकोळ' या सदरांत बांधून ठेवितों. पुष्कळदां त्याचें बालबोध लिप्यंतर करून कठीण शब्दांचा अर्थ समासांत टांकला म्हणजे काम संपलें, असें आम्हांस वाटतें. हा प्रमाद आमच्या हातूनहि घडला आहे. त्याचें परिमार्जन करावें, आणि करितां करितां एका दूरदेशीय ओषधीचा इतिहास वाचकांपुढें मांडावा, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें घरच्या बाडांतील एक मोडी पान वाचून देण्याकरितां आणिलें. पान एकच. त्यावर मिती नाहीं व लिहिणाराचें नांवहि नाहीं. उत्तरेकडून आलेल्या एका बैराग्यानें सांगितलेला पाठ म्हणून आरंभीं उल्लेख, आणि खालीं चार ओळी: रक्तातिसार झाला असतां रतनजोतीची मुळी कुटून पाण्यांत काढा करावा व खडीसाखर घालून द्यावा. आम्हीं पान बालबोधांत उतरलें आणि 'रतनजोत' या शब्दापुढें समासांत 'म्हणजे मोगली एरंड' असें लिहून परत दिलें. इ. स. २००० नंतर जैवइंधनाचा जो गाजावाजा झाला, त्यांत मोगली एरंडास रतनजोत म्हणण्याचा प्रघात मराठी वर्तमानपत्रांतून सर्वतोमुखीं झाला होता. आम्हीं अर्थ घेतला तो तेथून, कोणत्याहि निघंटूंतून नव्हे.

महिन्याभरानें तो विद्यार्थी पुनः आला. घरांत नातवास हगवण लागली होती. घरांतील वडीलधाऱ्या बाईंनीं मास्तरांच्या हातचा कागद म्हणून विश्वास ठेविला, कुंपणाच्या मोगली एरंडाची मुळी खणून आणिली व ती ठेंचावयास घेतली. इतक्यांत शेजारचे वैद्य सहज डोकावले. काय ठेंचतां म्हणून त्यांनीं विचारलें, आणि ऐकतांच पाटा धुवून टाकावयास लाविला. मोगली एरंडाचें बीं विषारी व तीव्र रेचक. त्या झाडाचें कांहींहि हगवणीच्या पोरास पाजणें म्हणजे आगींत तेल ओतणें, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. सुदैवानें अनर्थ टळला. परंतु आमच्या समासांतील तीन शब्द एका घरांत काय करूं शकले असते, हा विचार आमच्या मनांतून आजतागायत गेलेला नाहीं.

२

पहिला प्रश्न असा कीं, रतनजोत म्हणजे काय? शोध केल्यावर आढळलें कीं, या एका नांवाखालीं निदान तीन निरनिराळ्या कुळांच्या वनस्पति नांदतात.

पहिली ऑनोस्मा व आर्नेबिया या वर्गांतील लाल मुळीची. ही हिमालय व त्याच्या पश्चिमेकडील कोरड्या मुलखांत होते. हिच्या मुळीचा रंग तेलांत किंवा तुपांत उत्तम उतरतो, पाण्यांत जवळजवळ उतरत नाहीं. म्हणून केशतेलें, मलमें व काश्मिरी मांसाचे पदार्थ रंगविण्यास ती वापरतात.

दुसरी मोगली एरंड, शास्त्रीय नांव जॅट्रोफा कर्कास. ही मुळांत उष्णकटिबंधीय अमेरिकेंतील. पोर्तुगीजांच्या जलमार्गानें ती जगभर पसरली. यावरून एक गोष्ट सिद्ध होते. इसवी सनाच्या सोळाव्या शतकापूर्वींच्या ग्रंथांत रतनजोत शब्द आला, तर तेथें मोगली एरंड असणें शक्य नाहीं.

तिसरी जिरेनियम वर्गांतील रानटी वनस्पति. हिमालयाच्या पश्चिम भागांत जिरेनियम वॉलिचिएनम हिच्या तांबूस, जाड मुळीस रतनजोत म्हणतात. ही मुळी तुरट असून अतिसार, प्रदर, दांतदुखी यांवर तेथील लोक ती देत आले आहेत.

एकाच नांवाखालीं एक मुळी रंगासाठीं, एक बीं रेचासाठीं, आणि एक मुळी रेच थांबविण्यासाठीं! तिसरीच्या जागीं दुसरी आली म्हणजे काय होतें, हें वर सांगितलेंच आहे. या तिसरीचाच इतिहास पुढें देत आहों.

३

येथें एक खुलासा अवश्य आहे. आपल्या बागांतून कुंड्यांत जें 'जिरेनियम' लावितात, आणि ज्याच्या सुगंधी तेलासाठीं अलीकडे महाराष्ट्रांतील कांहीं शेतकरी लागवड करितात, तें खरें जिरेनियम नव्हे. तें पेलार्गोनियम होय व त्याचें मूळ दक्षिण आफ्रिकेंत आहे. लिनियसानें इ. स. १७५३ मध्यें हीं सर्व एकाच जिरेनियम वर्गांत घातलीं होतीं. पुढें लेरितिए या फ्रेंच पंडितानें इरोडियम व पेलार्गोनियम हे वर्ग वेगळे केले, व ते इ. स. १७८९ पासून रूढ झाले. तथापि माळ्याच्या तोंडचें जुनें नांव तसेंच राहिलें.

या तीन नांवांची व्युत्पत्ति मनोरंजक आहे. ग्रीक भाषेंत गेरानोस म्हणजे क्रौंच, एरोदिओस म्हणजे बगळा, आणि पेलार्गोस म्हणजे ढोक. तिन्ही पक्षी लांब चोंचीचे. फूल गळून पडल्यावर या वनस्पतींचें फळ लांबट, टोकदार, थेट चोंचीसारखें होतें, त्यावरून हीं नांवें पडलीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत डायोस्कोरिडीस यानें आपल्या ओषधिग्रंथांत गेरानिओन नांवाची वनस्पति वर्णिली आहे. हा ग्रंथकार आशियामायनरांतील सिलिशिया प्रांतांतील अनाझार्बस गांवचा. नवव्या शतकांत बगदाद येथें हुनैन इब्न इस्हाक याच्या मंडळींत त्याच्या ग्रंथाचें अरबी भाषांतर झालें. अरबी भाषेंत या वनस्पतीस 'इब्रत-अर्-राई' म्हणजे धनगराची सुई असें नांव आहे. म्हणजे ग्रीकांस जेथें चोंच दिसली, तेथें अरबांस सुई दिसली.

या लेखापुरतें आम्ही या वर्गास 'क्रौंचमुखी' म्हणूं. हें नांव आमचें, केवळ सोयीसाठीं घडविलेलें आहे. तें कोणीं कोशांत किंवा निघंटूंत प्राचीन म्हणून घालूं नये, अशी विनंति आहे.

४

चीन देशांत या वनस्पतीचा लेखी मागोवा चांगला लागतो. मिंग घराण्याच्या संस्थापकाचा पुत्र झू सू हा कायफेंग येथें राहत असे. त्यानें इ. स. १४०६ मध्यें 'ज्यूह्वांग बेन्त्साओ' म्हणजे दुष्काळांत उपयोगीं पडणाऱ्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत ४१४ वनस्पति चित्रांसह दिल्या आहेत. क्रौंचमुखी कुळांतील इरोडियम त्यांत 'मांगन्यूअर म्याओ' या नांवानें येते. येथें ती औषध म्हणून नसून भुकेचें अन्न म्हणून आली आहे. कोवळीं पानें उकडून, पाण्यांत धुवून, तेलमीठ लावून खावीं, असा या ग्रंथाचा नेहमींचा क्रम आहे. आज चिनी भाषेंत संपूर्ण कुळाचें शास्त्रीय नांव याच जुन्या शब्दावरून घेतलें आहे.

औषध म्हणून तिची नोंद पुढची. ली शिझेन याचा 'बेन्त्साओ गांगमू' हा प्रचंड ग्रंथ इ. स. १५९६ मध्यें छापून पुरा झाला. त्यांत १८९२ द्रव्यें आहेत. इतकें असूनहि शोधकास कांहीं गोष्टी राहून गेल्याशा वाटल्या. झाओ श्वेमिन यानें इ. स. १७६५ च्या सुमारास त्या ग्रंथास पुरवणी लिहिली. तींत ९२१ द्रव्यें असून त्यांपैकीं ७१६ मूळ ग्रंथांत नव्हतीं. 'लाओग्वान त्साओ' म्हणजे 'म्हाताऱ्या ढोकाचें गवत' या नांवानें आमची ओषधि या पुरवणींत येते. वातानें आखडलेले सांधे, हातापायांचा बधिरपणा, आणि आंव व हगवण, यांवर चिनी वैद्य ती देत आले. ग्रीक गेरानोसाचा चीनशीं संबंध असल्याचा पुरावा नाहीं. फळाच्या आकारावरून दोन्हीं लोकांनीं स्वतंत्रपणें एकाच जातीच्या पक्ष्याकडे बोट दाखविलें, असेंच म्हणणें योग्य.

हस्तलिखितसंग्राहकांनीं झाओच्या पुरवणीची एक हकीकत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हा ग्रंथ सुमारें शंभर वर्षें हस्तलिखितांतच राहिला व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रथम छापला गेला. तो कोणीं 'किरकोळ' म्हणून बांधून ठेविला असता, तर सातशेंहून अधिक द्रव्यांची माहिती त्याबरोबर कसरीच्या पोटांत गेली असती.

आजच्या चिनी औषधकोशांत लाओग्वान त्साओ या एका नांवाखालीं तीन वनस्पति मान्य आहेत: एक इरोडियम व दोन जिरेनियम. त्या दोहोंपैकीं जिरेनियम कॅरोलिनियानम ही मूळची अमेरिकेंतील. नवी वनस्पति आली आणि गुणसादृश्यानें जुन्या नांवाच्या घरांत शिरली. येथें हा प्रवेश निरुपद्रवी ठरला. रतनजोतीच्या घरांत मोगली एरंड शिरला तो तसा ठरला नाहीं.

५

जपानांतील इतिहास याहून बोधप्रद आहे. तेथें जिरेनियम थुन्बेर्गाइ ही जाति रानोमाळ होते. लिनियसाचा शिष्य थुन्बेर्ग इ. स. १७७५-७६ मध्यें जपानांत होता, त्याच्या नांवावरून तिचें शास्त्रीय नांव पडलें. जपानी लोक तिला 'गेन-नो-शोको' म्हणतात. याचा अर्थ 'प्रत्यक्ष पुरावा'. काढा घेतांच गुणाचा प्रत्यय येतो म्हणून हें नांव. 'वैद्य नको' अशा अर्थाचेंहि एक नांव लोकांत आहे. फळ उकललें म्हणजे त्याच्या पाकळ्या वर वळतात व देवाच्या पालखीच्या छपराचा आकार होतो, म्हणून तिला 'मिकोशि-गुसा' म्हणजे पालखीचें गवत असेंहि म्हणतात. ऐन उन्हाळ्यांत फुलावर आली असतां ती खुडावी, सावलींत वाळवावी, व हगवणीवर काढा करून द्यावा, ही तेथील रीत.

हें औषध दरबारी वैद्यकाचें नव्हे. जपानांतील शास्त्रीय वैद्यक चिनी ग्रंथांवर आधारलेलें होतें. हें मात्र शेतकऱ्यांच्या घरचें. कायबारा एकिकेन (इ. स. १६३०-१७१४) या कन्फ्यूशियन पंडितानें आपल्या 'यामातो होन्झो' या इ. स. १७०९ च्या ग्रंथांत त्याची नोंद घेतली. पुढें तें सरकारी औषधकोशांत गेलें. इ. स. १९७० नंतरच्या दशकांत ओकायामा विद्यापीठांतील ओकुदा व त्यांचे सहकारी यांनीं त्यांतील मुख्य तुरट द्रव्य स्फटिकरूपानें वेगळें केलें व त्यास 'जिरेनिइन' नांव दिलें. हें टॅनिन जातीचें द्रव्य आहे. ज्या तुरटपणास आमचे वैद्य कषाय रस म्हणतात व ज्याचें कार्य ग्राही मानितात, त्याचाच हा रासायनिक आधार होय.

परंतु याच जपानांत पंडितांच्या हातून जी चूक झाली ती आमच्या चुकीची थोरली बहीण शोभेल. येदो काळच्या ओषधिपंडितांस सवय अशी कीं, देशी वनस्पति दिसली कीं तिला चिनी ग्रंथांतील एखादें नांव चिकटवावयाचें. आमच्या ओषधीस त्यांनीं 'न्यूब्यान' हें चिनी नांव दिलें. आतां न्यूब्यान म्हणजे बचनागाच्या वर्गांतील वनस्पति! प्राचीन चिनी ग्रंथांत तिचा उपयोग अंगावरील फोडांस स्नानाचें पाणी करण्याकडे व गुरांच्या उवा मारण्याकडे सांगितला आहे, पोटांत देण्याकडे नव्हे. दोहोंचीं पानें एकमेकांसारखीं चिरलेलीं, त्यामुळें हा घोटाळा झाला असावा. आजहि जपानांत फुलावर येण्यापूर्वीं हें औषध खुडूं नये असें बजावितात, कारण कोवळेपणीं तें बचनागाच्या पानांसारखें दिसतें. नशीब एवढेंच कीं, खेड्यांतील लोकांनीं पंडितांचीं पुस्तकें वाचलीं नाहींत. ते फूल पाहून खुडीत राहिले व वांचले.

६

आतां हिमालयाकडे वळूं. तिबेटी वैद्यकांत 'लि-ग-दुर' नांवाचें द्रव्य आहे. सांसर्गिक ज्वर व फुप्फुसांतील उष्णता यांवर तें देतात. परंतु या नांवाखालीं कोठें जिरेनियमची मुळी घेतात, कोठें बर्जेनियाची. आमच्या बाजारांत पाषाणभेद म्हणून जें विकलें जातें, तें बहुधा हेंच बर्जेनिया. म्हणजे एका तिबेटी शब्दाचा अर्थ लाविण्यास घाटमाथ्याच्या अलीकडची व पलीकडची अशा दोन्ही परंपरा पाहाव्या लागतात.

हिमालयाच्या दक्षिण उतारावरील जातींचीं शास्त्रीय नांवें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ठरलीं. डॉक्टर वॉलिच हे मूळचे डेन्मार्कचे. श्रीरामपूरच्या डॅनिश वसाहतींत ते शस्त्रवैद्य म्हणून आले, आणि पुढें कलकत्त्याच्या वनस्पतिबागेचे मुख्य झाले. इ. स. १८२०-२१ मध्यें ते नेपाळांत होते. जिरेनियम वॉलिचिएनम या नांवांत त्यांची स्मृति आहे. जिरेनियम नेपालेन्स ही दुसरी जाति हिमालयाखेरीज निलगिरि व पळणीच्या डोंगरांतहि होते. वॉट यांच्या आर्थिक द्रव्यांच्या कोशांत (इ. स. १८८९-९३) या वर्गाच्या देशी नांवांत भांड, भांडा हीं नांवें नोंदिलीं आहेत.

महाराष्ट्रीयांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही कीं, भारतीय औषधी वनस्पतींचा जो आधारभूत ग्रंथ इ. स. १९१८ मध्यें अलाहाबादच्या पाणिनि ऑफिसानें काढिला, त्याच्या कर्त्यांपैकीं एक लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे मराठी होते. मेजर बामनदास बसु हे त्यांचे सहकारी. कीर्तिकर इ. स. १९१७ मध्यें वारले. ग्रंथ छापून झालेला त्यांनीं पाहिला नाहीं. त्या ग्रंथांत जिरेनियमच्या जाति वर्णन, स्थान व लोकांतील उपयोग यांसह दिल्या आहेत. समासांत तीन शब्द लिहिण्यापूर्वीं आम्हीं तो एकदां उघडला असता, तर हा लेख लिहिण्याचा प्रसंगच आला नसता.

७

आमच्या वाचकांपैकीं संस्कृतज्ञांच्या मनांत प्रश्न येईल कीं, या ओषधीस संस्कृत नांव काय? काकनासा, काकजंघा, हंसपदी अशीं पक्ष्यांच्या अवयवांवरून पडलेलीं नांवें निघंटूंत विपुल आहेत. इतकेंच नव्हे, तर 'चंचु' म्हणजे चोंच या नांवाची वनस्पतिहि आहे. चोंचीसारखें फळ तें चंचु, जिरेनियमचें फळ चोंचीसारखें, म्हणून जिरेनियम तेंच चंचु, असा तर्क करण्याचा मोह होतो. आम्हांसहि तो झाला होता. परंतु निघंटूंतील चंचु ही भाजी आहे, आणि मराठींत तिचें नांव 'चुंच' असें अद्याप जिवंत आहे. ती तागाच्या वर्गांतील असून तिच्या शेंगेसहि चोंच असते. नांवाचा अर्थ जुळला म्हणून वस्तु जुळत नाहीं. जपानी पंडितांनीं पानावरून जी चूक केली, तीच येथें शब्दावरून होईल.

संस्कृत वैद्यकांत या ओषधीस निर्विवाद नांव नाहीं, यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. चरकाच्या सूत्रस्थानांतील पन्नास महाकषायांत पुरीषसंग्रहणीय हा एक गण आहे. त्यांत लोध्र, मोचरस, धायटीचीं फुलें, आंब्याची कोय इत्यादि दहा द्रव्यें सांगितलीं आहेत. शिवाय कुटज तर अतिसारावरील प्रमुख औषध. ज्या प्रांतांत कुडा व धायटी दारांत उभीं आहेत, तेथील वैद्यानें सात हजार फुटांवरील मुळीची वाट कां पाहावी? जपानच्या शेतकऱ्यास कुडा नव्हता, त्याच्या बांधावर गेन-नो-शोको होती. काश्मीरच्या गुराख्यास रतनजोत होती. तुरट रसाचें कार्य सर्वत्र एक. तो ज्याला ज्या झाडांत सांपडला, त्यानें तें झाड धरिलें. ओषधीचा इतिहास हा असा अर्धा भूगोलाचा असतो.

८

आतां मूळ पानाकडे परत येऊं. पाठांत मुळी सांगितली आहे, बीं नव्हे. म्हणून बियांसाठीं प्रसिद्ध असलेला मोगली एरंड मागें पडतो. काढा पाण्यांत करावयाचा आहे. आर्नेबियाचा रंग पाण्यांत उतरत नाहीं, जिरेनियमचा तुरटपणा मात्र पाण्यांत चांगला उतरतो. म्हणून पहिली रतनजोतहि मागें पडते. रोग रक्तातिसार, औषध ग्राही असलें पाहिजे. सांगणारा उत्तरेकडील बैरागी. चारहि खुणा हिमालयांतील क्रौंचमुखीकडेच बोट दाखवितात. तरी या पानाबरोबर मुळीचा तुकडा नाहीं, चित्र नाहीं, दुसरी प्रत नाहीं. म्हणून आम्ही यास बळकट संभव म्हणतों, सिद्धांत म्हणत नाहीं.

या अनुभवावरून संग्राहकांस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. औषधाच्या कागदाची नक्कल करितांना वनस्पतीचें नांव जसेंच्या तसें ठेवावें. तिचा कोणता भाग, कोणत्या द्रवांत, कोणत्या रोगावर व कोणाकडून आला, हें सर्व टिपून घ्यावें, कारण ओळख पटते ती या चार खुणांनीं. आणि अर्थाविषयीं खात्री नसेल तर समास कोरा सोडावा. राजकीय कागदांतील चुकीची मिती पुढचा संशोधक दुरुस्त करितो. औषधाच्या कागदांतील चुकीचा शब्द पुढच्या संशोधकाची वाट पाहत नाहीं. तो पाट्यावर ठेंचला जातो.

त्या विद्यार्थ्याच्या घरीं आम्ही स्वतः गेलों. आमच्या हातच्या नकलेवरील ते तीन शब्द खोडले आणि त्या जागीं लिहिलें: 'ओळख अनिश्चित, वैद्यास विचारल्याशिवाय देऊं नये.' शेजारचे वैद्य तेथेंच बसले होते. त्यांनीं नक्कल वाचली व हंसून म्हणाले, 'मास्तर, आतां ही नक्कल खरी झाली.' ज्यांच्या संग्रहीं रतनजोतीचा उल्लेख असलेलीं दुसरीं पानें असतील, त्यांनीं तीं प्रसिद्ध करावीं, आणि आमच्या वरील निर्णयांत दोष दिसल्यास तो निःसंकोच दाखवावा, एवढी प्रार्थना करून हा लेख पुरा करितों.